मानेतला मणी

मणी बसवण्याच्या अर्जाचा अकरावा रकाना गिरिजाला तोंडपाठ होता. त्यात दोन चौकोन होते, 'निदान रुग्णास सांगावे' आणि 'निदान रुग्णास सांगू नये'. मिरजेच्या त्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बसून, गेल्या तीन वर्षांत तिनं पाचएकशे कुटुंबांपुढं हा अर्ज सरकवला होता. मुलगे, सुना, जावई समोर बसायचे, एकमेकांकडं बघायचे, कुणीतरी डोळे पुसायचं आणि मग बोट दुसऱ्या चौकोनावर टेकायचं. सत्तरीच्या पुढच्या रुग्णासाठी घरच्यांची संमती पुरते, असा नियम होऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी पडद्यावर नाव होतं महालिंग शिवप्पा आवटी, वय त्र्याहत्तर. तिचे सासरे.

समोरच्या खुर्चीत तिचा नवरा सोमेश बसला होता. ती रकाना वाचून दाखवायला लागली तसा त्यानं हात वर केला.

"राहू दे. मला कळतंय काय लिहिलंय ते. आईचे पाच महिने आठवतात ना तुला?"

गिरिजाला आठवत होते. सासूबाईंना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर त्या दुसरं काही बोलल्याच नाहीत. दारात कुणीही आलं की त्याचा हात धरून "मी काही आता राहत नाही" म्हणून रडायच्या. सोमेश रोज उशाशी बसून ते ऐकायचा. शेवटी शेवटी त्याला त्या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटायला लागली होती, आणि या भीतीची लाज त्याला दहा वर्षांनंतरही होती.

"आप्पांचं तसं होऊ देणार नाही मी," तो म्हणाला, "मस्कतहून उमाचाही होकार आलाय." उमा म्हणजे त्याची बहीण. त्यानं दुसऱ्या चौकोनावर बोट टेकवलं. खाली तंत्रज्ञ म्हणून गिरिजानं सही केली. तिलाही त्या घडीला तेच बरं वाटलं.

'मणी' हे लोकांनी दिलेलं नाव. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण दिसायला तो ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि बसायचा मानेत, म्हणून मणी. त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. आपल्याला ताप आला की अंग मोडून येतं, अन्न नको होतं, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. हे काही थेट जंतू करत नाहीत. तो मेंदूचा हुकूम असतो. शरीरात कुठं बिघाड झाला की रोगाशी लढणाऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. ती खबर मेंदूपर्यंत नेणारा एक मोठा रस्ता म्हणजे मानेतून पोटात उतरणारा व्हेगस नावाचा लांबलचक मज्जातंतू. खबर पोचली की मेंदू म्हणतो, पड, खाऊ नको, हलू नको. मणी या मज्जातंतूला चिकटून बसायचा आणि विजेच्या अगदी बारीक स्पंदांनी हा आजाराचा निरोप तेवढा वाटेतच अडवायचा. तसाच दुसरा दाणा पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर बसवला की कळाही थांबायच्या, आणि दोन्ही मिळून लोक 'मणी'च म्हणायचे. आतून शरीर पोखरलं जात असतानाही माणसाला भूक लागायची, शांत झोप यायची, जिना चढावासा वाटायचा. आयुष्य त्यानं वाढत नव्हतं, वाढलं तर दोन-चार आठवडे. पण होते ते दिवस धडधाकट माणसासारखे जायचे. अखेरच्या आठ-दहा दिवसांत अवयवच थकले की मग मात्र मण्याचं काही चालायचं नाही.

वेदनेपुरतं बघितलं तर हे वरदानच होतं. पण त्याचा एक परिणाम कुणी हिशोबात धरला नव्हता. पूर्वी घरच्यांनी रोग कितीही लपवला तरी महिन्या-दोन महिन्यांत रोग्याचं शरीरच त्याला खरं काय ते सांगायचं. आता ते शरीरही घरच्यांच्या बाजूला जाऊन बसलं होतं.

मणी बसवण्याच्या आदल्या दिवशी गिरिजा वॉर्डात आप्पांपाशी बसली होती. स्वादुपिंडातला रोग यकृतात उतरला होता. पोटातून पाठीत जाणाऱ्या कळांनी आप्पा गुडघे छातीशी घेऊन पडले होते. कळ ओसरली तसा त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"गिरिजा, मला वाकसवाडीला जायचंय."

"कुणाकडं, आप्पा?"

"शालनकडं. सदाच्या बायकोकडं." त्यांनी ओठ ओले केले. "एक गोष्ट सांगायची राहिलीय तिला. तीस वर्षं झाली. आता नाही सांगितली तर राहीलच."

सदाशिव करांडे हे नाव गिरिजानं घरात दोन-तीनदा ऐकलं होतं. पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या, आप्पांच्या रिवाइंडिंगच्या दुकानातला त्यांचा जोडीदार. वाकसवाडीच्या नदीकाठी शेतकऱ्यांच्या पाणीसंस्थेचं पंपहाऊस होतं, तिथं काम करताना विजेचा धक्का बसून तो गेला होता. दारू पिऊन मोटारीला हात घातला, असं सगळे म्हणायचे.

"बरे व्हा, मग नेते तुम्हाला," ती म्हणाली.

मणी बसवल्यावर चौथ्या दिवशी आप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि वर खर्डा मागितला. आठवड्यानं ते दुकानात जाऊन बसले. आतड्याला अल्सर होता, त्यासाठी मानेत एक यंत्र बसवलंय, असं त्यांना सांगितलं होतं. उभा जन्म यंत्रांत काढलेला माणूस, त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, गिरिजानं दोन-चार खोटी उत्तरं दिली. ती इतकी सफाईनं दिली की तिची तिलाच शरम वाटली.

घर कामाला लागलं. वजनकाटा माळ्यावर गेला. आप्पांच्या विजारी ढिल्या व्हायला लागल्या तशा सोमेश एकेक करून त्या गुपचूप शिंप्याकडं नेऊन कंबरेत आवळून आणायचा आणि घडी घालून परत कपाटात ठेवायचा. उमा मस्कतहून रोज हसऱ्या चेहऱ्यानं बोलायची आणि फोन ठेवल्यावर गिरिजाला वेगळा फोन करून रडायची.

फेब्रुवारीत गिरिजानं विषय काढला. "आप्पा, वाकसवाडीला जायचं म्हणत होता. रविवारी जाऊया?"

आप्पा तांब्याच्या तारेचं वेटोळं बोटांवर घेत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "जाऊ की. एवढं ऊन कमी होऊ दे."

"चाळीस मिनिटांचा तर रस्ता आहे."

"तेच म्हणतोय. चाळीस मिनिटांचा रस्ता कुठं पळून जातोय? आता तब्येत बरी आहे. दिवाळीनंतर निवांत जाऊ."

मार्चअखेरीला पुन्हा तेच. तेव्हा गिरिजाच्या ध्यानात आलं की कळा होत्या तोवर हा माणूस त्या बाईपर्यंत जायला तयार झाला होता. शरीर मागून ढकलत होतं. मण्यानं कळा थांबवल्या आणि ते ढकलणंही थांबवलं. तीस वर्षं टाळलेली गोष्ट आप्पा आता आणखी दहा वर्षं टाळणार होते, आणि त्यांच्याकडं दहा आठवडेही नव्हते. दर पंधरा दिवसांनी ती त्यांच्या मण्यातली माहिती उतरवून घ्यायची तेव्हा पडद्यावर दोन रेषा दिसायच्या, एक शरीराची आणि एक माणसाला जाणवणाऱ्या तब्येतीची. खालची, शरीराची रेषा घसरत चालली होती. वरची सरळ होती.

एप्रिलच्या अखेरीला भीमराव हळिंगळे नावाचे एक निवृत्त गुरुजी रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या मण्याची देखभाल गिरिजाकडंच होती. त्यांचे अखेरचे आठ दिवस सुरू झाले होते. मुलगा औषधं आणायला खाली गेला तेव्हा गुरुजींनी तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, तुम्ही मला दर महिन्याला तपासत होता. तुम्हाला ठाऊक होतं?"

ती सलाइनची नळी सारखी करायला लागली. गुरुजी समजले.

"दोन महिने मी जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत बसलो हो," ते म्हणाले. "मला वाटलं, वेळ आहे."

तो आवाज रागाचा असता तर गिरिजाला सोसला असता. पण गुरुजी नुसते चकित झाले होते.

त्या दुपारी ती आपल्या खोलीत परत आली आणि तिनं आप्पांच्या मण्याचं पान उघडलं. स्पंद कमी करणारी एक पट्टी खाली ओढली असती तर काम झालं असतं. रोज थोडी थोडी ओढायची. आप्पांना थकवा जाणवला असता, अन्न नकोसं झालं असतं, कळा परतल्या असत्या, आणि ते आपण होऊनच वाकसवाडीला निघाले असते. तिला तोंडातून शब्द काढावा लागला नसता. तिचं बोट पट्टीवर गेलं आणि तिथंच थांबलं. आधी माणसाला न विचारता त्याच्या वेदना बंद केल्या, आता न विचारता चालू करायच्या? तिनं पान मिटलं. सांगायचं ते तोंडानं सांगायचं, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी तिनं आधी सोमेशला सांगितलं.

"तू सही केलीस त्या अर्जावर," तो म्हणाला.

"केली. चुकले."

"आणि ते आईसारखे झाले तर? उरलेले दिवस रडत काढले तर कोण जबाबदार?"

"मी. पण सोमेश, ते दिवस त्यांचे आहेत. आपण ते परस्पर खर्च करतोय."

"तू सांगितलंस तर मी तुला माफ करणार नाही," सोमेश म्हणाला. तो ओरडून बोलला नाही, म्हणून गिरिजाला जास्तच लागलं. तरीही तिचा बेत बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती, आप्पा एकटेच होते. वाइंडिंगचं मशीन घरघरत होतं.

"आप्पा, मशीन बंद करा. बोलायचंय."

"बोल की. कान मोकळे आहेत."

"बंद करा आधी."

त्यांनी बटण दाबलं. गिरिजानं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"तुम्हाला अल्सर नाही. कॅन्सर आहे. स्वादुपिंडातनं यकृतात गेलाय. त्यावर इलाज नाही. मानेतला मणी रोगासाठी नाही, रोग तुम्हाला कळू नये म्हणून आहे."

हातातली तार आप्पांनी हळूच फळीवर ठेवली.

"सोमूला माहीत आहे?"

"आहे."

"उमाला?"

"आहे."

"म्हणजे मलाच तेवढं नाही." ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "किती दिवस?"

"सहा आठवडे. एखादा कमी-जास्त."

"हा मणी करतो काय नेमकं? खरं सांग आता."

तिनं सगळं सांगितलं. आप्पांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा लालभडक झाला होता.

"शेतकरी यायचे माझ्याकडं," ते म्हणाले. "मोटार सारखी ट्रिप होते आप्पा, तिला बंद पाडणारा तो रिले काढून टाका आणि डायरेक्ट जोडून द्या, म्हणायचे. हातापाया पडायचे. मी चाळीस वर्षांत एकालाही तसं जोडून दिलं नाही. अगं, मोटार बंद पडते ती काहीतरी सांगत असते. आणि तुम्ही घरातल्यांनी माझाच रिले काढलात! तू काढलास!"

"हो. मी."

"विजारीसुद्धा आवळल्यात ना? मला वाटलं, अल्सर बरा झाला म्हणून कपडे नीट बसतायत." ते स्टुलावर मटकन बसले. मग आप्पा म्हणाले, "बंद कर तो मणी."

"आप्पा, एकदम सगळं अंगावर येईल. कळा..."

"येऊ दे. माझ्या अंगाची काय तऱ्हा आहे ती मला बघू दे. मग ठरवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातल्या खोलीत गिरिजानं नवा अर्ज काढला. त्यावर आप्पांनी स्वतः सही केली. मग तिनं पट्टी खाली आणली. पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग आप्पांचे खांदे खाली आले. चेहरा राखेसारखा झाला. कपाळावर घाम फुटला, आणि ज्या माणसानं तासाभरापूर्वी तीन इडल्या खाल्ल्या होत्या त्याला पाण्याचा घोट नकोसा झाला. पाठीतली कळ आली तेव्हा त्यांनी पलंगाची कड धरली.

"चालू करू?"

"थांब."

वीस मिनिटं ते तसे बसले. मग त्यांनी मान हलवली. मणी पुन्हा चालू झाल्यावर श्वास ताळ्यावर यायला थोडा वेळ गेला.

"आता कळलं," ते म्हणाले. "चालता येईल एवढा चालू ठेव. विसर पडेल एवढा नको."

त्याच दिवशी गिरिजानं मण्याचा ताबा आप्पांच्या फोनवर दिला, कमी-जास्त कसं करायचं ते त्यांना शिकवलं, आणि मग विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन आपण काय केलं ते स्वतःच सांगितलं. कुटुंबाच्या लेखी सूचनेविरुद्ध वागल्याबद्दल चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं तिला सांगण्यात आलं. "चौकशीत मी हेच सांगेन," ती म्हणाली आणि डबा घेऊन बाहेर पडली.

सोमेश घरात तिच्याशी बोलेनासा झाला. आप्पांच्या खोलीतही जाईना.

रविवारी गिरिजाच आप्पांना घेऊन वाकसवाडीला गेली. वाटेत आप्पांनी तिला सदाशिवची हकिकत सांगितली. त्या दिवशी सदा आत मोटारीच्या जोडण्या करत होता आणि आप्पा बाहेर मेन स्विचपाशी होते. पिकं वाळत होती, शेतकरी घाई करत होते. सदा बाहेर आला असं समजून, त्याला हाक न मारता आप्पांनी स्विच टाकला. पंचनाम्यात ते म्हणाले की स्विच सदानंच चालू ठेवला होता, आणि त्याच्या तोंडाला वास येत होता.

"घाबरलो होतो," आप्पा म्हणाले. "पण ते कारण एक दिवसाचं. पुढच्या तीस वर्षांना काय कारण सांगू?" गाव दिसायला लागल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. "माझ्या दुखण्याचं तिला कळता कामा नये. तिची दया मागायला नाही निघालो मी."

शालन अंगणात शेंगा फोडत बसली होती. साठीची, उन्हानं रापलेली बाई. आप्पांना बघून तिनं पदर सारखा केला. "आवटी आप्पा? वाट चुकलासा काय?"

आप्पा खाली तिच्यासमोर बसले. "शालन, स्विच मी टाकला होता. सदाची काही चूक नव्हती."

तिचा हात थांबला.

"वास येत हुता म्हनला हुता तुमी."

"नव्हता येत. खोटं बोललो मी."

शालननं हातातली शेंग खाली ठेवली. "माझं पोरगं पोटात हुतं तवा," ती म्हणाली. "अजिंक्य. शाळंत त्याला दारुड्याचं पोर म्हनायची. त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या त्यापायी. मीबी त्याला म्हनले एकदा, बापावर जाऊ नगंस. मीबी म्हनले."

गिरिजाला वाटलं, आता ती रडेल. पण शालनचा आवाज कडक झाला.

"हितं अंगनात येऊन बोलून काय उपेग? तवा चार मानसांत बोललासा. आता बी चार मानसांत बोला. पानीसंस्थेची सभा हाय वीस मेला. तितं बोला."

गिरिजानं मनात दिवस मोजले. वीस मे म्हणजे आणखी एकवीस दिवस. ती बोलायला गेली तेवढ्यात आप्पांनी तिच्याकडं नजर टाकली.

"येतो," ते शालनला म्हणाले.

तिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

ते एकवीस दिवस आप्पांनी नेटानं काढले. सकाळी मणी वाढवायचे, दुकानात दोन तास बसायचे, दुपारी कमी करून पडून राहायचे. अन्न जात नसलं तरी घड्याळ लावून पेज प्यायचे. "सभेपर्यंत," एवढंच म्हणायचे. ते रडले नाहीत असं नाही. एकदा बायकोच्या फोटोसमोर गिरिजाला ते तसे दिसले. पण डोळे पुसून ते पुन्हा पेज प्यायला बसले. सोमेश दाराआडून हे बघायचा. विसाव्या दिवशी त्यांना उठताना धरावं लागलं. वीस तारखेला सकाळी गिरिजा गाडीची चावी शोधत होती, तर सोमेश ती हातात घेऊन दारात उभा होता.

"मी चालवतो," तो म्हणाला. तीन आठवड्यांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

सभा पंपहाऊसशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. दीडएकशे माणसं होती. शालन बायकांत बसली होती आणि मागच्या खांबाला टेकून एक तिशीचा माणूस उभा होता. कपाळ आणि भुवया सदाच्याच; आप्पांनी त्याला कुणी न सांगता ओळखलं.

विषय संपत आले तेव्हा आप्पा उठले. "सदाशिव करांड्याच्या अपघाताबद्दल मला बोलायचंय."

अध्यक्ष तरुण होते. त्यांनी समोरचा कागद बघितला. "आप्पा, तीस वर्षांपूर्वीचं आता कशाला काढताय? विषयपत्रिकेवर नाही ते. बसा तुम्ही. पुढच्या सभेला घेऊ."

"बसा, बसा," दोन-चार आवाज आले. आप्पा खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. गिरिजा उठणार, तोच तिच्या शेजारून सोमेश उभा राहिला.

"पुढच्या सभेला ते नसतील," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या वडिलांना कॅन्सर आहे. आता फार दिवस नाहीत त्यांच्याकडं. त्यांना बोलू द्या."

अध्यक्षांनी समोरचा कागद बाजूला सारला. घरात बंद दाराआडही सोमेशनं तो शब्द कधी उच्चारला नव्हता. आप्पांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. सोमेशनं नजर चुकवली नाही. बायकांमध्ये शालनचा हात तोंडाकडं गेला.

मग आप्पा बोलले. स्विच कुणी टाकला, हाक का मारली नाही, पंचनाम्यात काय खोटं सांगितलं, सगळं. "सदा त्या दिवशी दारू प्यालेला नव्हता. त्याची चूक नव्हती. चूक माझी, आणि त्याच्यावर घातलेला बट्टाही माझाच," एवढं म्हणून ते बसले. मागच्या खांबाशी आता कुणी नव्हतं.

शालन उठली. "सचिव, लिवून घ्या हे," ती म्हणाली. "आनि वाचून दावा."

सचिवांनी लिहिलं आणि उभं राहून ते सभेला वाचून दाखवलं. शालननं शेवटपर्यंत ऐकलं आणि कुणाकडंही न बघता ती घरी गेली.

परतताना आप्पा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. नदीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "सोमू, फार दिवस नाहीत म्हणालास. किती?"

सोमेशनं मागं गिरिजाकडं बघितलं नाही. "पंधरा, आप्पा. कदाचित वीस."

"मग उद्यापासनं माझ्या खोलीत झोपत जा," आप्पा म्हणाले.

सोमेशनं गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला, आणि आप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवून स्वस्थ बसून राहिले.

आप्पा त्यानंतर सोळा दिवस जगले. उमा मस्कतहून आली आणि राहिली. गिरिजाची चौकशी लांबत गेली. पुढं तिनं नोकरी सोडली आणि अकराव्या रकान्याविरुद्ध, त्या नियमाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढं साक्ष दिली, त्याला वेगळी तीन वर्षं लागली. पण त्या सोळा दिवसांतली एक दुपार ती सगळ्यांत जपून ठेवते.

सभेनंतरचा नववा दिवस. आप्पांना आता पलंगावरून उठवत नव्हतं. दारात अजिंक्य करांडे उभा होता. सोमेशनं त्याला आत आणलं. तो खुर्चीच्या टोकाशी बसला.

"मी काही माफ करायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"ठीक आहे," आप्पा म्हणाले.

"माझा बाप कसा होता? मला कुणी सांगितलंच नाही. नाव काढलं की आई गप्प व्हायची, आणि लोक सांगायचे ते... ते तर खोटंच निघालं. मग खरं काय? कसा होता तो?"

आप्पांनी सोमेशला उशी उंच करायला सांगितली.

"सदा?" ते म्हणाले, आणि त्या खंगलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "सदा काम करताना शिट्टी वाजवायचा. बेसूर. गिऱ्हाईकं तक्रार करायची. पण मोटार सुरू झाली की तिच्या आवाजाला सूर लावायचा, आणि तो मात्र अगदी बरोबर लागायचा. पुढं ये, बस नीट. पहिल्यापासनं सांगतो."

अजिंक्यनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.